जपानमधलं कामाकुरा: सांबऱ्याहून निघणाऱ्यांसाठी

सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, बेंगळूर गाठलं की टोकियोच्या नरिता विमानतळाला थेट विमान आहे. टोकियो स्टेशनात कामाकुराला जाणाऱ्या योकोसुका रेल्वे लाईनचे फलाट जमिनीखाली खोलवर आहेत, उतरायलाच वेळ लागतो. काही गाड्या कामाकुराच्या आधी ओफुनालाच संपतात, म्हणून पाटी बघून चढा. पुढे तासाभरात कामाकुरा.

कामाकुरातल्याच हासेला जायला एनोदेन ही छोटी गाडी. जूनमध्ये हायड्रेंजिया फुलले की तिला तोबा गर्दी. तेव्हा अर्धा तास चाललेलं बरं. तिथला ब्राँझचा बुद्ध सुमारे 11 मीटर उंच, आतून पोकळ. देऊळ वाहून गेल्यापासून उघड्यावरच बसलाय.

युइगाहामा किनाऱ्याच्या वाळूत कुंद्याचा (आपल्या बेळगावी मिठाईचा) डबा उघडू नका! घार पाठीमागून झडप घालते. शाकाहाऱ्यांनो, साध्या नूडल्सच्या रश्श्यातही बहुधा मासळीचा अर्क असतो, आधी विचारा.