डब्यावरचे नाव

लंडनमधील एका लहानशा चित्रपट संग्रहात मी जुन्या फिल्म तपासण्याचे काम करतो. एका सोमवारी सकाळी सत्तरीतले एक गृहस्थ 16 मिलिमीटर फिल्मचा गंजलेला डबा पावाच्या पिशवीत घालून घेऊन आले. झाकणावर त्यांच्या दिवंगत वडिलांच्या अक्षरात ‘हेटर, पिनराइट, टीव्ही’ असे लिहिलेले होते, आणि ते वाचून माझ्या काळजाचा ठोका चुकला.

‘पिनराइट्स प्रोग्रेस’ ही दूरचित्रवाणीवरील पहिली विनोदी मालिका मानली जाते. एक इवलेसे दुकान चालवणारा पिनराइट, त्याचा प्रतिस्पर्धी आणि मदतीला धावून घोटाळा वाढवून ठेवणारे नोकर, एवढाच तिचा संसार. जेम्स हेटर पिनराइट होत असत. 29 नोव्हेंबर 1946 पासून 16 मे 1947 पर्यंत, पंधरवड्याला एक याप्रमाणे तिचे अवघे दहा भाग बीबीसीच्या अलेक्झांड्रा पॅलेस येथील स्टुडिओतून थेट प्रक्षेपित झाले. त्याच हिवाळ्यात इंधनटंचाईमुळे दूरचित्रवाणीच काही आठवडे बंद ठेवावी लागली होती. भाग सादर झाला की हवेत विरून जाई. छायाचित्रे उरली, चित्रण एकाही भागाचे नाही. चिमणराव पाहत वाढलेल्या माझ्यासारख्याला दहाच्या दहा भाग नाहीसे होणे फार जिव्हारी लागते, हेही येथे कबूल करतो.

डबा उघडताच व्हिनेगरचा भपकारा आला. म्हणजे ॲसिटेटची फिल्म, आणि ती कुजू लागलेली. रीळ गुंडाळणीवर चढवून मी सुरुवातीचे दोन हात फिल्म हलकेच उलगडली आणि दिव्याच्या काचेवर धरून भिंगातून पाहिले. गोल चेहरा, गोल चष्मा: हेटरच! क्षणभर मी श्वास रोखून धरला. ते गृहस्थ माझ्या चेहऱ्याकडे पाहत होते, त्यामुळे तो भाव लपवणेही जमले नाही.

मग कडेकडे लक्ष गेले. कोडॅक फिल्मच्या कडेला वर्षाची खूण म्हणून चौकोन, वर्तुळ, त्रिकोण अशा आकृत्या छापत असे, आणि तीच खूण वीस वर्षांनी पुन्हा येई. तक्त्यात पाहिले, तर या खुणेची वर्षे 1932, 1952 किंवा 1972. कोरी फिल्म छापली गेली त्याच्या आधीच्या वर्षीची असू शकते, नंतरची कधीच नाही. आणि 1932 साली हेटर असे वयस्क दिसणे शक्य नव्हते. पुढच्या चौकटींत घोडागाडी आली, गुडघ्यापर्यंतची तंग विजार आली, मोकळे आकाश आले. 1952 च्या ‘द पिकविक पेपर्स’ चित्रपटात हेटर यांनीच मिस्टर पिकविकची भूमिका केली होती. वडिलांनी चेहरा अचूक ओळखला होता, नाव मात्र दुसऱ्या दुकानाचे दिले होते.

मी हे सांगितले तेव्हा ते गृहस्थ निराश होण्याऐवजी हसले. वडील घरातल्या मुलांचीही नावे अशीच चुकवत, असे म्हणाले. हे रीळ इतर फिल्मपासून दूर, थंड जागी ठेवा, नाहीतर त्याच्या वाफेने तीही कुजतील, एवढे मी बजावले. नवी चिठ्ठी लिहिताना जुनी काढू नये अशी त्यांनी विनंती केली, म्हणून ‘पिकविक, 1952’ हे मी पेन्सिलीने तिच्या खाली लिहिले.