कव्हर बँडची नोंदवही: बुटक्या छताचा क्लब आणि स्टेजवरचा आवाज

बँड पाच जणांचा: ड्रम, बेस, गिटार, कीबोर्ड आणि मुख्य गायिका. कोरसला गिटारवाला आणि कीबोर्डवाला. जागा सोशल क्लबचा आयताकृती हॉल. छत 2.8 मीटरवर, उंच स्टेज नाही, बँड जमिनीवरच उभा राहतो आणि हॉलला साउंड लिमिटर (आवाज मर्यादेच्या वर गेला की लाल दिवा लावून मग वीज तोडणारं यंत्र) लावलेला. अशा जागेत रात्र कशी जाणार हे मिक्सरवर ठरत नाही. पीए (हॉलसाठीचे स्पीकर) बंद असताना स्टेजवरून किती आवाज येतो, त्यावर ठरतं. या टप्प्यातले मोठे बदल त्याच एका गोष्टीसाठी केले आहेत, म्हणून गाण्यांचं आधी उरकून घेतो.

पट्ट्या. मूळ रेकॉर्डिंगच्या पट्टीचा हट्ट सोडला. गाण्यातला सर्वांत वरचा लांब धरायचा सूर गायिकेच्या मर्यादेच्या निदान एक पूर्ण स्वर खाली हवा, कारण दुसऱ्या सेटपर्यंत गळा थकतो आणि थकलेल्या गळ्याचा वरचा एक स्वर सगळ्यात आधी जातो. पांढरी तीनमधली (ई) गिटारप्रधान गाणी काळी दोनमध्ये (ई फ्लॅट), म्हणजे अर्धा स्वर खाली आणली. गिटारची प्रत्येक तार अर्धा स्वर उतरवली की मोकळ्या तारांवरच्या रिफ (पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे) जशाच्या तशा वाजतात. कॅपोने (तारांवर लावायच्या चिमट्याने) हे होत नाही, कारण कॅपो फक्त वर नेतो. तार उतरवली की ताण कमी होतो आणि तारा फ्रेटवर खडखडायला लागतात, म्हणून तारांचा 10 चा सेट काढून 11 चा, म्हणजे जाड तारांचा, लावला. चार तारांच्या बेसवर खालची काळी दोन मिळत नाही. तिथे एक सप्तक वर वाजवायचं. छोट्या पीएमधून 39 हर्ट्झ तसाही फारसा बाहेर पडत नाही, त्यामुळे हॉलमध्ये काही हरवत नाही.

उतरवलेल्या ट्यूनिंगची सगळी गाणी एकाच सेटमध्ये ठेवा. गिटार बदलायची ती मध्यंतरात. कीबोर्डवाल्याने ट्रान्सपोजचं बटण वापरू नये, पट्टी गाण्याच्या पॅचमध्येच (त्या गाण्याच्या सेटिंगमध्येच) साठवावी. बटण तसंच राहून पुढचं गाणं भलत्याच पट्टीत सुरू होणं हा या बटणाचा नेहमीचा धोका आहे.

शेवट आणि मधली जागा. रेकॉर्डिंगवर हळूहळू विरत जाणाऱ्या प्रत्येक गाण्याला ठरवलेला शेवट हवा. आम्ही तीनच प्रकार ठेवले: ध्रुवपदाची शेवटची ओळ तीनदा म्हणून थांबणं, सुरुवातीचा पीस पुन्हा वाजवून पहिल्या मात्रेवर तोडणं, किंवा ड्रमरच्या इशाऱ्यावर लांब धरलेला शेवटचा कॉर्ड. यादीत गाण्यापुढे शेवटाचा क्रमांक लिहिला की कोणाला आठवत बसावं लागत नाही.

वेळेचा हिशोब कागदावर करा. 45 मिनिटांच्या सेटमध्ये सरासरी 3 मिनिटं 40 सेकंदांची 11 गाणी, म्हणजे 40 मिनिटं 20 सेकंद. दोन गाण्यांमध्ये 20 सेकंद धरले तर एकूण 43 मिनिटं 40 सेकंद. तीच फट एका मिनिटाची झाली तर एकूण 50 च्या वर जातं आणि शेवटची दोन गाणी गळतात. ती बहुधा नाचाचीच असतात. म्हणून यादीवर प्रत्येक गाण्याची पट्टी, लय आणि सुरुवात कोण करणार हे मोठ्या अक्षरात लिहा आणि ट्यूनर म्यूट करून वापरा. लयीसाठी ड्रमरसमोर नुसता दिवा लुकलुकणारा मेट्रोनोम पुरतो. 120 ची लय 126 झाली तर फरक पाच टक्क्यांचाच, पण दाट शब्दांच्या अंतऱ्यात गायिकेला श्वास घ्यायला जागा उरत नाही.

स्टेजवरचा आवाज. सगळं मोजमाप ड्रमपासून सुरू होतं, कारण ड्रमला व्हॉल्यूमचं बटण नसतं. ड्रमपेक्षा गाणं वर ऐकू यायला हवं. गाण्याखाली पण ड्रमच्या बरोबरीने गिटार आणि कीबोर्ड हवेत. त्यामुळे ड्रम 4 डेसिबल खाली आला की आख्खा बँड 4 डेसिबल खाली येतो, तेही कोणी काही न गमावता. 5ए च्या जागी 7ए, म्हणजे बारीक काड्या, स्नेअरवर आवाज दाबणारे जेलचे दोन तुकडे, किकच्या (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या) पोटात कातडीला टेकलेली उशी आणि जाड क्रॅश झांजेच्या जागी पातळ क्रॅश. पातळ झांज हलक्या हातानेही पूर्ण उघडते, जाडीला जोर लागतो. सगळ्यात मोठा फायदा गायनाच्या माइकला झाला. बुटक्या हॉलमध्ये ड्रम गायिकेच्या पाठीशी दीड-दोन मीटरवर असतात आणि झांजा थेट तिच्या माइकमध्ये शिरतात. मग गाणं वाढवलं की झांजाही वाढतात, आणि मिक्सरवर कितीही धडपड केली तरी त्या वेगळ्या करता येत नाहीत.

गिटारचा अँप जमिनीवर ठेवला तर वरचे सूर गिटारवाल्याच्या गुडघ्यांना आणि पहिल्या रांगेच्या कानांना लागतात, कारण स्पीकरमधून वरच्या कंपनसंख्या अरुंद झोतात बाहेर पडतात. गिटारवाल्याला ऐकू येत नाही, तो वाढवतो, पहिली रांग वैतागते. अँप मागे कलवून त्याचं तोंड गिटारवाल्याच्या कानाकडे केलं की तो स्वतःच कमी करतो. सांगावंसुद्धा लागत नाही.

बेसचं प्रकरण जास्त खोल आहे. छत आणि जमीन यांच्यात अडकणारी पहिली लहर काढायची तर ध्वनीचा वेग 343 भागिले उंचीची दुप्पट. छत 2.8 मीटर असेल तर उत्तर येतं 61 हर्ट्झ. बेसच्या ए तारेवरचा दुसरा फ्रेट, म्हणजे पांढरी सात, 61.7 हर्ट्झवर बसतो. म्हणजे हा एक सूर हॉलशी जुळतो. पण गंमत अशी की या लहरीचा दाब जमिनीपाशी आणि छतापाशी सर्वांत जास्त, तर मधोमध, 1.4 मीटरवर, जवळजवळ शून्य असतो. बसलेल्या माणसाचा कान साधारण 1.2 मीटरवर, उभ्याचा 1.6 वर. म्हणजे नेमका तो सूर बेसवाल्याला स्वतःला आणि ऐकणाऱ्यांना कमी ऐकू येतो आणि छताला टांगलेल्या लिमिटरच्या माइकला भरपूर. बेसवाला तो सूर ऐकू यावा म्हणून वाढवतो आणि दिवा लाल होतो.

यावर दोन उपाय. बेसचा कॅबिनेट जमिनीवरून उचला: 70 सेंटिमीटरवर ठेवला की त्या लहरीला मिळणारा जोर हिशोबाने 3 डेसिबलने घटतो. आणि 61 हर्ट्झवर अरुंद कट, 5 ते 6 डेसिबल, बेसच्या चॅनेलवरच. फॉल्स सीलिंग असेल तर वरच्या स्लॅबपर्यंतची उंची धरा. हलक्या टाइल्स बेसला अडवत नाहीत. गणित केल्यावर बेसवाल्याला एकेक फ्रेट चढत वाजवायला सांगून खात्री करून घ्या, कारण लांबी-रुंदीच्या लहरीही त्यात मिसळतात.

लिमिटर. क्लबच्या व्यवस्थापकांना चार गोष्टी आधी विचाराव्यात: मर्यादा किती डेसिबल, ए-वेटिंग की सी-वेटिंग (मोजताना खालच्या सुरांना किती वजन द्यायचं याच्या दोन पद्धती), माइक कुठे आहे, आणि कोणते सॉकेट त्यावर आहेत. वेटिंगचा प्रश्न लोक विचारत नाहीत, पण खरा फरक तिथेच पडतो. ए-वेटिंगमध्ये 63 हर्ट्झ सुमारे 26 डेसिबल कमी मोजला जातो, सी-वेटिंगमध्ये जेमतेम 1. ए असेल तर लाल दिवा स्नेअर, झांजा आणि गाण्यामुळे लागतो. सी असेल तर किक आणि बेसमुळे. चुकीचं वाद्य कमी करत बसलात तर दिवा काही हिरवा होत नाही.

लाल दिवा काही सेकंद सलग राहिला की सॉकेटचा पुरवठा तुटतो. तेव्हा पॉवर्ड स्पीकर धाडकन आवाज करतात आणि डिजिटल मिक्सर पुन्हा सुरू व्हायला वेळ खातो. मिक्सरला छोटा यूपीएस लावला तर सेटिंग जागेवर राहतं. पुरवठा येण्याआधी मास्टर खाली ओढायचा आणि मग हळू वर घ्यायचा. लिमिटर चुकवायला स्वयंपाकघराच्या सॉकेटमधून वायर ओढू नका. ती क्लबशी बेइमानी आहेच, शिवाय दोन वेगळ्या सर्किटच्या अर्थिंगमधून 50 हर्ट्झची घुरघुर हमखास येते. घुरघुर एकाच सर्किटवरही आली तर डीआय बॉक्सचं (वाद्य मिक्सरला जोडणाऱ्या डबीचं) ग्राउंड लिफ्ट बटण दाबा. प्लगची अर्थची पिन कधीही काढायची नाही, त्यात जीव जातो.

साउंड चेक. पीएचे स्पीकर माइकच्या रेषेच्या पुढे, हॉर्न (वरचे सूर काढणारा भाग) डोक्यांच्या वर, तोंड किंचित खाली. गेन (सिग्नल मिक्सरमध्ये घेताना वाढवायचं प्रमाण) असा की मिक्सरच्या मीटरवर सरासरी पातळी −18 च्या आसपास आणि सर्वांत जोरकस ओळ −8 पर्यंत. गायनाच्या प्रत्येक चॅनेलवर 100 हर्ट्झचा हाय-पास (त्याखालचं कापणारा फिल्टर). मॉनिटरचा (गायिकेला स्वतःचा आवाज ऐकवणाऱ्या स्पीकरचा) सेंड प्री-फेडर, म्हणजे हॉलच्या फेडरच्या आधी घेतलेला, नाहीतर हॉलचा आवाज हलवला की गायिकेचा मॉनिटरही हलतो. माइक कार्डिऑइड (पाठीमागून न ऐकणारा) असेल तर मॉनिटर बरोबर त्याच्या शेपटीसमोर. सुपरकार्डिऑइड असेल तर शेपटीच्या दोन्ही बाजूंना, कारण त्याची बहिरी जागा 125 अंशांवर असते. मग मॉनिटर हळूहळू वाढवत पहिली शिट्टी येऊ द्या, 31 बँडच्या ईक्यूवर (आवाजाचा एकेक भाग कमी-जास्त करायच्या यंत्रावर) तो बँड 3 डेसिबल खाली घ्या, आणि पुन्हा. तीन किंवा चार बँडवर थांबा. त्यापुढे कापत गेलात तर गाणं पोकळ होतं आणि मिळत काहीच नाही. माइकची जाळी मुठीत धरली की तो सगळीकडून ऐकायला लागतो आणि हे सगळं काम वाया जातं, त्यामुळे ज्यांना ती सवय आहे त्यांचा माइक स्टँडवरच ठेवायचा.

रिकाम्या हॉलमध्ये वरचे सूर टोचले तरी कापू नका. माणसं आणि कपडे ते शोषून घेतात. हॉल भरल्यावर तेच मिक्स बसकं वाटतं. चेकच्या वेळी थोडं तेज असू द्यायचं आणि तिसऱ्या गाण्याला कोणीतरी हॉलच्या मागे जाऊन ऐकून यायचं.

पुढच्या टप्प्यात गायिका आणि ड्रमरसाठी इन-इअर (कानात घालायचे) मॉनिटर बसवायचे आहेत. समोरचे दोन मॉनिटर गेले की स्टेजवरचा आवाज आणखी उतरेल. ड्रमरला किकचा धक्का जाणवेनासा होतो, त्यासाठी स्टुलाला शेकर (किकबरोबर बैठक हलवणारं यंत्र) लावून बघायचा आहे. मोजमाप पुढच्या नोंदीत.