मोस्तेलारेसच्या चढावर

स्पेनमधलं बुर्गोस मागे पडलं की सांतियागोच्या कॅथेड्रलकडे जाणारी यात्रेची वाट उघड्या पठारावर येते. जुलैत इथं सावलीला झाड सापडत नाही, म्हणून यात्रेकरू अंधारातच चालू लागतात. कास्त्रोखेरिसनंतर मोस्तेलारेसचा खडा चढ चढून मी वर थांबले, तेव्हा अजून उजाडलं नव्हतं. डोक्यावर आकाशगंगा होती आणि मनात एका विद्यार्थिनीचा प्रश्न. "मॅडम, विश्व शेवटी थंडच पडणार, तर ख्रिस्त पुन्हा येऊन काय करणार?"

मी वसईची, भौतिकशास्त्र शिकवते. सूर्य सुमारे ५ अब्ज वर्षांनी फुगेल. समुद्र त्याच्या पुष्कळ आधी आटतील. १९९८ मध्ये कळलं की विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढतो आहे. तसंच चालू राहिलं, तर दूरच्या दीर्घिका दिसेनाशा होतील आणि तारे एकेक करून विझतील. कुणी बायबलमधल्या पेत्राच्या पत्रातली, शेवटच्या दिवशी वितळणारी सृष्टितत्त्वं थेट याच्याशी जोडतात. मला ते पटत नाही. विश्व प्रसरण पावतं हे १९२७ मध्ये मांडणारे जॉर्ज लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते. तरी १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी, विश्वाला आरंभ होता असं सुचवणाऱ्या या विज्ञानात देवाच्या निर्मितीचा दाखला पाहिला, तेव्हा लमेत्र अस्वस्थ झाले. आरंभाबद्दलची ही सावधगिरी अंताबद्दलही हवी.

जॉन पोल्किंगहॉर्न हे भौतिकशास्त्रज्ञ पुढे अँग्लिकन धर्मगुरू झाले. निसर्गनियमांवर सोडलं तर विश्वाचा शेवट व्यर्थतेतच, हे त्यांनी सरळ मान्य केलं. आशा ठेवायची ती देवाच्या विश्वासूपणावर. आणि नवी सृष्टी घडेल ती शून्यातून नव्हे, याच जुन्या सृष्टीतून.

हे मला नीट उमगलं ते सांतियागोच्या कॅथेड्रलमध्ये, शिल्पकार मातेओने घडवलेल्या महिमाद्वाराखाली. त्याच्या दगडी तुळया ११८८ मध्ये बसवल्या. कमानीवर बायबलच्या प्रकटीकरण या पुस्तकातले चोवीस वडीलधारे, भजनाआधी वाद्यं लावत बसावं तसे, शेजाऱ्याशी बोलत बसलेत. मध्ये ख्रिस्त तळहात उघडून जखमा दाखवतो. महिमेत बसलेल्या देहावरही क्रुसाचे व्रण आहेत! म्हणजे जुनं पुसलं जात नाही.

पोल्किंगहॉर्न यांच्या मते नव्या सृष्टीतलं द्रव्य क्षयाच्या नियमाला बांधलेलं नसेल. ते कसं असेल, हे माझ्या कुठल्याच समीकरणातून निघत नाही. पुनरुत्थानही निघत नाही, आणि माझी श्रद्धा तर त्याच्यावरच उभी आहे.