मुतखड्याची कळ: पहिल्या काही तासांतल्या तपासण्या

कळ कुशीतून सुरू होऊन जांघेकडे उतरते आणि माणूस एका जागी टेकत नाही, सारखा कूस बदलत तळमळतो. पोटात अपेंडिक्स फुटलेला रुग्ण याउलट हलायलाही घाबरतो. दुखणं थांबवणारं इंजेक्शन रिपोर्टसाठी अडवू नये. किडनीचा जुना आजार किंवा अल्सर असेल, तर ते मात्र आधी सांगावं.

पहिली तपासणी लघवीची. सुरुवातीची धार सोडून मधली धार स्वच्छ डबीत धरायची आणि तासाभरात लॅबमध्ये पोचवायची. डबी उन्हात पडून राहिली की रक्तपेशी फुटतात, जंतू वाढतात आणि रिपोर्ट दिशाभूल करतो. पाळी चालू असेल तर सांगावं, नाहीतर तेच रक्त खड्याच्या नावावर जातं. उलट बाजूही लक्षात ठेवा: खडा असूनही दहा टक्क्यांहून अधिक रुग्णांच्या लघवीत रक्त सापडत नाही. ‘लघवी स्वच्छ आहे, म्हणजे खडा नाही’ हा निष्कर्ष चुकीचा.

रक्तात सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारी तपासणी). किडनीतून मूत्राशयाकडे लघवी नेणारी एका बाजूची नळी पूर्ण तुंबली तरी दुसरी किडनी काम सांभाळते, म्हणून क्रिएटिनिन नॉर्मल आलं तरी निश्चिंत होता येत नाही. मूल होण्याच्या वयातल्या प्रत्येक स्त्रीची गर्भचाचणी सीटी स्कॅनच्या आधीच करावी; गर्भनलिकेतला गर्भही अशीच कळ देतो.

सोनोग्राफीला मूत्राशय भरलेलं हवं, तरच नळीच्या अगदी खालच्या टोकाचा खडा दिसतो. नळीच्या मधल्या भागातला खडा आतड्यातल्या वायूमुळे लपतो. तेव्हा किडनीला आलेली सूज हीच खूण. एक्स-रेवर युरिक ॲसिडचा खडा उमटत नाही. खात्री हवी तर कॉन्ट्रास्टशिवाय (शिरेतून रंगद्रव्य न देता), कमी रेडिएशनचा सीटी. गर्भवती आणि लहान मुलांसाठी मात्र सोनोग्राफीच आधी. पन्नाशीनंतर अशी कळ पहिल्यांदाच आली, तर पोटातली महाधमनी फुगलेली नाही ना, हे आवर्जून पाहायला हवं.

सोबत थंडी वाजून ताप आला, किंवा लघवी बंदच झाली, तर घरी थांबू नका. तुंबलेल्या किडनीत जंतुसंसर्ग झाला की नुसत्या औषधाने भागत नाही. स्टेंट किंवा नळी घालून किडनी तातडीने मोकळी करावी लागते.

घरी सोडलं, तर लघवी जुन्या चहाच्या गाळणीतून गाळा. सापडलेला खडा धुऊन, कोरडा करून छोट्या डबीत ठेवा आणि तपासणीला द्या.