पाय ओढतोय, मग मानेवर काम कशाला?

“ताई, यांचा पाय ओढतोय आणि तुम्ही वीस मिनिटं मानेशीच बसलात!” बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका काकूंनी मला हे पहिल्यांदा विचारलं, तेव्हा त्यांच्या आवाजात रागच होता. काकांना लकवा होऊन चार महिने झाले होते, डावी बाजू गेली होती. पुढे रावपुऱ्यात, प्रतापनगरला, जिथे जिथे मी घरी जाऊन फिजिओथेरपी देते तिथे हा प्रश्न निघतोच. तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगते.

तोल सांभाळायला मेंदूला तीन ठिकाणांहून खबर लागते: डोळे, कानाच्या आतला तोलाचा अवयव आणि अंगातले स्नायू-सांधे. आता बघा, डोकं कललं हे कानाला कळतं. पण नुसतं डोकंच कललं की सगळा माणूस कलंडतोय, हे एकट्या कानाला कळत नाही. ते सांगते मान. कवटीच्या तळाशी, मानेच्या वरच्या टोकाला छोटे छोटे स्नायू आहेत. ताण ओळखणारे तंतू त्यांच्यात फार दाटीने असतात. चांगल्या धडधाकट माणसाला डोळे मिटून उभं करून मानेच्या मागच्या स्नायूंवर कंपन दिलं, तर तोही पुढे झुकायला लागतो. मानेकडून खोटी खबर गेली की पाय तिच्यावरच विश्वास ठेवतात.

लकव्यानंतर पाय कुठे पडतोय हे आतून कळेनासं होतं, म्हणून माणूस जमिनीकडे बघत चालतो. महिनोन्महिने मान पुढे, खांदा एका बाजूने लोंबलेला. मान आखडते. काकांचं हेच झालं होतं. गल्लीत मागून स्कूटरचा हॉर्न वाजला की त्यांना नुसतं डोकं वळवता येत नसे, सगळं अंग वळायचं आणि तोल जायचा. दोनदा काकूंनी धरलं म्हणून वाचले.

मी त्यांच्या डोक्याला पट्ट्याने लहानसा लेझर दिवा बांधला, भिंतीपासून 90 सेंटिमीटरवर बसवलं आणि ठिपका पडला तिथे खूण केली. मग डोळे मिटून मान वळवायची आणि अंदाजाने परत मधोमध आणायची. ठिपका साधारण 7 सेंटिमीटरपेक्षा जास्त चुकला तर मानेची जाण बिघडली आहे असं आम्ही धरतो. काकांचा ठिपका वीतभर लांब जाऊन थांबला. काकूंचा राग तिथे उतरला.

हाताने मी काय करते? उताणं निजवून डोकं दोन्ही तळव्यांत घेते, बोटांची टोकं कवटीच्या काठाखाली टेकवते आणि स्नायू आपण होऊन सैल पडेपर्यंत थांबते. जोर नाही. मग मणक्याला हलकासा आधार देऊन त्यांनाच मान वळवायला लावते. हनुवटी किंचित आत घेण्याचा व्यायाम. आणि लगेच उभं करते, हे सगळ्यात महत्त्वाचं. मोकळ्या झालेल्या मानेने त्याच वेळी चालायला शिकवलं नाही, तर ती पुन्हा आखडते आणि वीस मिनिटं वाया जातात.

यावर जे अभ्यास झाले आहेत ते छोटे, थोड्या आठवड्यांचे आहेत. नेहमीच्या व्यायामाला मानेच्या उपचाराची जोड दिल्यावर तोल आणि चालणं सुधारल्याचं त्यांत दिसतं, पण तेवढ्यावर मी कोणाला वचन देत नाही. खुर्चीतून उठून 3 मीटर चालून परत येऊन बसायला काकांना आता पूर्वीपेक्षा कमी सेकंद लागतात. त्यात मानेचा वाटा किती आणि रोजच्या सरावाचा किती, हे मला वेगळं काढता येणार नाही.

आता जे कळकळीने सांगायचं आहे ते. हे ऐकून एका घरच्या मुलाने वडिलांना केस कापायला नेलं आणि तिथेच मानेचा टचाका फोडून घेतला. कृपा करून असं करू नका. मेंदूकडे जाणाऱ्या दोन रक्तवाहिन्या मानेच्या मणक्यांतल्या भोकांतून वर जातात. झटक्याने त्यांचं आतलं अस्तर फाटू शकतं, तिथे गुठळी होते आणि पुन्हा लकवा होऊ शकतो. असं क्वचित होतं, पण होतं. काहींचा पहिला लकवाच अशा फाटण्याने आलेला असतो. म्हणून रिपोर्ट बघून, न्यूरोलॉजिस्टना विचारल्याशिवाय मी मानेला हात लावत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तेही सांगा. मानेच्या पुढच्या बाजूला तेल लावून रगडणंही नको. तिथली धमनी दाबली गेली की नाडी मंदावते, रक्तदाब खाली येतो. उपचार चालू असताना अचानक चक्कर आली, एकाचं दोन दिसलं, जीभ जड झाली, तर तिथेच थांबायचं आणि 108 लावायचा.

काका आता घरासमोर फेऱ्या घालतात. काकू ओट्यावर बसून कधी डावीकडून हाक मारतात, कधी उजवीकडे सरकून. काकांनी न थांबता, चालता चालता त्यांच्याकडे बघायचं. उजवीकडे जमतं. डावीकडे बघताना पाऊल अजून अडखळतं, सध्या आमचं काम तिथेच चालू आहे.