अक्षर मोठं करून भागलं नाही

मालवणच्या एका निवृत्त बाईंना आठवणी लिहायच्या होत्या, म्हणून त्यांचा लॅपटॉप लावून द्यायला गेलो होतो. रेटिनायटिस पिगमेंटोजामुळे त्यांची नजर नळीतून बघावं तशी अरुंद झालेली. घरच्यांनी लॅपटॉपमधलं भिंग चालू करून पडदा चारशे टक्क्यांवर नेऊन ठेवला होता.

"अक्षरां मोठी केलंस तर शब्द अर्धोच दिसता," बाई म्हणाल्या. दुखणं नेमकं तेच. मॅक्युलाच्या, म्हणजे नजरेचा मधला भाग जातो त्या विकारात मोठं अक्षर कामी येतं. इथे फक्त मधला तुकडा शाबूत, त्यात मोठी अक्षरं मावणार किती? भिंग बंद केलं, अक्षर १६ पॉइंटवर आणलं, काळ्यावर पिवळं. डावा ऑल्ट, डावी शिफ्ट आणि प्रिंट स्क्रीन एकदम दाबलं की ही रंगसंगती चालू-बंद होते. तरी डोळे शिणतातच, म्हणून वाचन कानांवर सोपवलं.

मुलाचा आग्रह बोलून टाइप करण्याचा. गुगल डॉक्समध्ये मराठीत ते होतं, पण नेट लागतं, आणि पावसाळ्यात वीज गेली की नेटही जातं. शिवाय बाईंचे संवाद मालवणीत. "खंय गेल्लंस"चं भलतंच काही उमटायचं आणि ते दुरुस्त करायला पुन्हा कीबोर्डच.

शेवटी वर्ड आणि एनव्हीडीए. एनव्हीडीए हा पडद्यावरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर, फुकट आहे, नेटशिवाय चालतो, त्यातल्या ईस्पीक या आवाजाला मराठी येतं. आवाज कोरडा, सवय होते. इन्सर्ट आणि २ दाबून अक्षरांचा उच्चार बंद केला, इन्सर्ट आणि ३ ने शब्दांचा चालू. अक्षर न् अक्षर कानावर आदळलं तर वाक्य सुचायचं कसं? वर्डचं आपोआप जतन करणारं ऑटोरिकव्हर दहा मिनिटांवरून दोनवर आणलं.

कीबोर्ड इनस्क्रिप्ट. इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायच्या फोनेटिकमध्ये पर्यायांची यादी उघडते, ती ऐकत बसण्यात वेळ जातो. इनस्क्रिप्टमध्ये स्वर डावीकडे, बहुतेक व्यंजनं उजवीकडे. एफ आणि जेवरच्या उंचवट्यांखाली ऱ्हस्व वेलांटी आणि र. शिफ्ट धरून जे दाबलं की 'दऱ्या'मधला ऱ.

सगळ्यात घोळ खोडण्यात. 'कि'नंतर बॅकस्पेस मारलं तर फक्त वेलांटी जाते, क राहतो. 'कि'च्या आधी उभं राहून डिलीट मारलं तर दोन्ही जातात. पडद्यावर हे लगेच दिसतं, कानाला नीट कळत नाही. म्हणून खोडलं की कंट्रोल आणि डाव्या बाणाने शब्दाच्या सुरुवातीला जाऊन तो पुन्हा ऐकायचा, एवढा नेम घालून दिला.

आठवणींची जुनी प्रकरणं डीटीपीवाल्याकडच्या फाँटमध्ये होती. त्यात इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असतात, त्यामुळे एनव्हीडीए त्यांचा इंग्रजी पालापाचोळा वाचत सुटला. कन्व्हर्टरने युनिकोड केलं, म्हणजे खरी मराठी अक्षरं. रफार आणि ऱ्हस्व वेलांटी तेवढ्या पुन्हा तपासाव्या लागल्या. जुन्या फाँटमध्ये वेलांटी व्यंजनाआधी आणि रफार नंतर टाइप होतो, उलटापालट तिथेच होते. छापखान्याला जुनाच फाँट हवा होता. त्यांना सांगितलं, आम्ही युनिकोड देणार, बदल तुमच्याकडे करून घ्या.