लढाई चौदा दिवसांची, मग घरी यायला वर्ष का लागलं?

१६ डिसेंबर जवळ आला की सोसायटीतली पोरं मला खुर्चीत बसवतात आणि कुणीतरी विचारतंच, “आजोबा, एकाहत्तरची लढाई चौदा दिवसांत संपली, मग तुम्ही वर्षभर कुठे होतात?” मी चहाचा घोट घेऊन वेळ मारून नेतो. आज नीट सांगतो, तुम्ही विचारलंत म्हणून.

हे सगळ्यात आधी आईने विचारलं होतं. आमच्या साताऱ्याकडच्या माण तालुक्यात विहिरी आटल्या, तशी ती डिलाईल रोडच्या चाळीत भावाकडे आली. पत्र तो लिहायचा, ‘मार्फत ५६ एपीओ’ या आमच्या लष्करी टपालाच्या पत्त्यावर. सुरुवात ठरलेली, “आई सांगते तसं लिहितो.” आणि शेवटी, “लढाई संपली म्हणतोस, मग तुला धरून कुणी ठेवलंय?”

जमिनीने. मी खडकीचा, बॉम्बे सॅपर्सचा, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलातला. १६ डिसेंबर १९७१ ला ढाका पडलं, १७ ला रात्री आठ वाजता आमच्या पश्चिम आघाडीवरच्या तोफाही थांबल्या. पण आम्ही होतो शकरगड भागात, पाकिस्तानच्या मुलखात, आणि शेतांमध्ये दोन्हीकडच्यांनी पुरलेले सुरुंग तसेच होते. त्यांना कुणी युद्धबंदी सांगणार? ते काढायचं काम आमचं.

सुरुंग शोधायचं यंत्र तोफगोळ्याच्या प्रत्येक तुकड्यावर ओरडायचं, आणि प्लॅस्टिकच्या सुरुंगावर गप्प. मग पालथं पडून सळई तिरकी टोचत सरकायचं. तिरकी अशासाठी की वरून दाब पडला तर संपलंच. पावसाळ्यात माती वाहिली की सुरुंगही जागा सोडायचे, नकाशा एकीकडे आणि ते दुसरीकडे. घरी मात्र मी लिहायचो, ‘रस्तादुरुस्तीचं काम आहे.’

२ जुलै १९७२ ला सिमला करार झाला. रेडिओवर ऐकलं त्या रात्री लंगरात शिरा झाला, पोरांनी ट्रंका आवरल्या. कसलं काय! काश्मीरमधली ताबारेषा नकाशावर आखायची होती, आणि ठाको चक नावाच्या एवढ्याशा गावावरून सगळं अडलं. आपले लष्करप्रमुख माणेकशॉ लाहोरला जाऊन पाकिस्तानचे लष्करप्रमुख टिक्का खान यांना भेटले, तेव्हा कुठे गाडी हलली. ११ डिसेंबरला नकाशांवर सह्या झाल्या आणि २० तारखेपर्यंत आम्ही मागे आलो. मधे सुट्टीची पाळी दोनदा आली. एकदा ज्याचे वडील गेले त्याला दिली, दुसऱ्यांदा रद्द झाली. (त्याचा राग साहेबावर काढला नाही, ट्रंकेवर काढला. तिचा कोपरा अजून चेपलेला आहे.)

अमृतसरहून फ्रंटियर मेलने मुंबई सेंट्रलला उतरलो. चाळीच्या जिन्यावर शेजारची माणसं, गॅलरीत पोरं, कुणी हार आणलेला. आई दारात. हातात तांब्या आणि मिलोच्या, म्हणजे परदेशी लाल ज्वारीच्या, भाकरीचा तुकडा. रेशनवर तेव्हा तेच मिळायचं.

ती माझ्या तोंडाकडे बघेना. पायांकडे बघत राहिली, आधी उजव्या, मग डाव्या. भाऊ मान खाली घालून उभा. पेपर वाचून दाखवायचं कामही त्याचंच होतं.

मग तिने तुकडा ओवाळून टाकला, बुटांसकट दोन्ही पायांवर पाणी ओतलं आणि म्हणाली, “जेवलास का?”